उठायला लागणारा वेळ

आधी बसा.

खुर्ची असेल तर खुर्चीवर, सतरंजी असेल तर सतरंजीवर. पाठ जशी आहे तशी राहू द्या. तळपाय जमिनीला टेकलेत का, एवढंच पाहा.

श्वास आत येतोय. बाहेर जातोय. त्याला काही सांगू नका.

शरीराचं वजन कुठून कुठे उतरतंय, ते शोधा. खांद्यांतून पाठीत. पाठीतून कमरेत. कमरेतून मांड्यांत, मांड्यांतून तळव्यांत.

सकाळी उठल्यापासून पाय हे वजन वागवत असतात. दुखत नाहीत तोवर त्यांची आठवणही होत नाही.

थोडा वेळ त्यांच्यापाशी राहा.

मग चला. सावकाश.

यवतमाळहून घाटंजीकडे जाणारा रस्ता आहे. माघातली सकाळ. पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस लोंबतोय. तूर निघाली आहे, तुराट्या धुऱ्यावर रचून ठेवल्या आहेत. वाटेत सागाचं एक मोठं वाळकं पान पडलंय. त्याच्यावर दव आहे.

रस्त्यापासून आत, बाभळींच्या पलीकडे, एक लांबट शेड. ऊन थेट आत शिरू नये म्हणून पूर्व-पश्चिम बांधलेलं. वर टिनाचं छत. खाली हातभर भिंत, भिंतीवर जाळी, जाळीवर पोत्यांचे पडदे.

दाराशी चुना पसरला आहे. त्याच्यावर पाय ठेवून आत या.

आधी ऊब लागते. मग वास येतो. तुसाचा, मक्याच्या भरड्याचा, सोयाबीनच्या ढेपेचा. त्याखाली आणखी एक वास आहे, डोळ्यांना झोंबणारा. तोही येऊ द्या.

मग आवाज. हजारो गळ्यांतून एकाच वेळी निघणारी बारीक कुजबुज. तिला सुरुवात नाही, शेवट नाही.

ऐका.

पाचवा आठवडा संपत आलाय. तुसावर पांढरे पक्षी पसरले आहेत. बसलेले, टेकलेले, एकमेकांना खेटलेले. हे बसणं नेहमीचंच आहे. या वयाचा निरोगी ब्रॉयलरसुद्धा दिवसाचा पाऊण वेळ बसूनच काढतो.

शेडची मालकीण सकाळच्या फेरीला निघाली आहे. हातात बादली. ती पाय उचलून टाकत नाही, तुसातून सरकवत नेते. तिच्यापुढे पक्षी उठतात, दोन्हीकडे सरकतात, ती पुढे गेली की मागे पुन्हा मिळून येतात.

एक उठत नाही.

भिंतीच्या कडेला, ड्रिंकरपासून दोन हातांवर, तो बसला आहे. बाकीचे त्याच्या अंगावरून गेले. त्याने मान वर केली. पंख थोडे पसरले. पंखांची टोकं तुसात रोवली. अंग इंचभर वर आलं.

आणि पुन्हा टेकलं.

मालकीण थांबते. "ऊठ रे बाप्पा," म्हणते. आवाज चढवत नाही.

आपणही इथेच थांबू. आज दुसरं काही पाहायचं नाही. हा एक पक्षी आणि त्याचे दोन पाय.

श्वास घ्या.

त्याच्याजवळ उकिडवे बसा. अंतर ठेवून, म्हणजे तो घाबरणार नाही.

नखं पाहा. तुसाचं एकेक कुसळ त्यांच्यात अडकलं आहे. बोटांवरचे खवले पाहा. पिवळी पिंढरी पाहा, तिच्यावर एकाखाली एक बसवलेल्या खवल्यांची रांग. आता थोडं वर या, जिथे पाय मागच्या बाजूला दुमडतो तिथे. त्या सांध्यावर एक तपकिरी डाग आहे. ओल्या तुसावर फार वेळ बसून राहिल्यामुळे पडलेला, भाजल्यासारखा.

आपल्याला वाटतं हा त्याचा गुडघा, उलटा वाकणारा. तो गुडघा नाही. तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. पिवळी पिंढरी म्हणजे त्याचं लांब झालेलं पाऊल. कोंबडी जन्मभर चवड्यांवर उभी असते.

करून पाहा. बसल्या जागी दोन्ही टाचा जमिनीपासून बोटभर उचला.

तशाच धरा.

पोटरीत हळूहळू ताण भरतो. बोटं जमीन घट्ट धरू पाहतात. आता मनातल्या मनात छातीवर वजन वाढवा. आणखी थोडं. पुढच्या बाजूलाच. ते तोल पुढे ओढतं, आणि पायांना ते मागून सावरावं लागतं.

टाचा खाली ठेवा.

अंड्यातून बाहेर आलं तेव्हा हे पिल्लू चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं होतं. ओंजळीत धरलं तर तळहाताला फक्त ऊब कळावी, इतकं. आज ते दोन किलोचं आहे. पस्तीस दिवसांत सुमारे पन्नासपट.

हा आकडा लगेच सोडून देऊ नका. श्वास आत, श्वास बाहेर. पस्तीस दिवस. पन्नासपट.

आता डोळे मिटा आणि आत जा. पिसांखाली कातडी, कातडीखाली स्नायू, स्नायूखाली हाड. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाणारं लांब हाड, नडगीचं. त्याच्या वरच्या टोकाशी थांबा.

इथे कूर्चेची एक पातळ चकती आहे. हाड लांब होतं ते इथून. चकतीत पेशी एकावर एक रांगेत उभ्या आहेत. वरच्या पेशी दुभंगतात, संख्या वाढवतात. खालच्या फुगतात, मोठ्या होतात, आणि आपली जागा हाडाला देऊन संपतात. मग खालून बारीक रक्तवाहिन्या वर चढतात, त्यांच्याबरोबर चुना येतो, आणि मऊ ते कठीण होतं.

पेशी दुभंगते. फुगते. रक्त पोहोचतं. हाड होतं.

पुन्हा. पेशी दुभंगते. फुगते. रक्त पोहोचतं. हाड होतं.

हे तुमच्यातही झालं आहे. लहानपणी दाराच्या चौकटीवर आईने पेन्सिलीने उंचीच्या रेघा मारल्या असतील, तर त्या प्रत्येक दोन रेघांमधलं अंतर अशाच चकत्यांनी भरलं.

या पक्ष्यात मात्र एका ठिकाणी क्रम तुटला असावा. पेशी दुभंगल्या, पण रक्त वर चढलं नाही. गवंडी विटा रचत वर गेला आणि खालून सिमेंटचं घमेलं आलंच नाही, तसं. कूर्चा तशीच साचत राहिली. पांढरी, मऊ, हाडाच्या टोकात बसलेली खुंटी. वरून छातीचं वजन वाढतंय, आणि खाली जिथे हाड हवं तिथे ही खुंटी आहे.

नडगीचं टोक वाकतं. पाय बाहेर फाकतो. कधी हाड मोडतं.

लीच आणि नेशाइम या दोन संशोधकांनी १९६५ साली ही अवस्था पहिल्यांदा नीट मांडली. टिबियल डिसकॉन्ड्रोप्लेझिया असं तिचं नाव, तज्ज्ञ तिला नुसतं टीडी म्हणतात. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला थांबवते. खाद्य बदललं की दोष कमी-जास्त होत होता. पण त्यांनी दोष असलेले पक्षी एकमेकांशी जोडले आणि नसलेले एकमेकांशी जोडले, तेव्हा पुढच्या पिढ्यांत दोन वेगळे वंश दिसू लागले. एकात दोष भरपूर, एकात अगदी थोडा. दोष पोटातूनही येत होता आणि रक्तातूनही.

म्हणजे या पक्ष्याच्या नडगीत जे साचलं असेल, त्याची थोडी सुरुवात तो अंड्यात होता त्याआधीच झाली आहे.

त्याआधी. त्याच्या आईआधी.

थांबा इथे.

काहींच्या पायांत दुसरंच काही घडतं. खुब्यात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याशी. वजनाच्या ताणाने वाढीच्या चकतीला केसाएवढ्या भेगा पडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या. आतड्यातून किंवा श्वासातून रक्तात आलेले जंतू, स्टॅफिलोकोकस, एन्टरोकोकस, ई. कोलाय, त्या भेगांत उतरतात. तिथे रक्त फिरत नाही, म्हणून त्यांना कुणी हटकत नाही. हाड आतून कुजतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी पक्ष्यांना तारेच्या डुगडुगत्या जमिनीवर वाढवून दाखवलं, की पायाखालचा आधार अस्थिर झाला की हा आजार कसा बळावतो. अशा पक्ष्याची खूण म्हणजे पंखांची टोकं. तो त्यांच्यावर भार देऊन उठू पाहतो.

आपल्या या पक्ष्याने आता तेच केलं. त्याला टीडी आहे, की खुब्याचा जंतुसंसर्ग, की दोन्ही, हे बाहेरून सांगता येत नाही. आपल्याला ते सांगायचंही नाही. आपण फक्त जवळ आहोत.

त्याचा डोळा पाहा. गोल, नारिंगी कडेचा. खालची पापणी वर येते. पुन्हा खाली जाते.

आता त्याच्या मागे जाऊ या. पिढ्यांच्या मागे, खूप मागे.

आग्नेय आशियातलं बांबूचं रान. लाल रानकोंबडा पाचोळा उकरतोय. अंग किलोभराच्या आतबाहेर. पाय बारीक, चपळ. काडी मोडली की तो फांदीवर. त्याच्या पायांचं काम पळणं आहे.

मग आपल्याकडचं रान. सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणारा राखाडी रानकोंबडा. २००८ साली एका जनुकीय अभ्यासात दिसून आलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या राखाडी रानकोंबड्याकडून आला असावा.

पुन्हा डोळे उघडून त्या पिंढरीकडे पाहा. हा पिवळा रंग इथल्या रानातला असावा.

आणि असील. आंध्र, छत्तीसगडकडे पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला झुंजीचा कोंबडा. ताठ मान, रुंद छाती, जाड भक्कम पाय. त्याचं रक्त एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला गेलं. तिथे त्यातून कॉर्निश ही जात घडली, पूर्वी तिला इंडियन गेम म्हणत. पुढे अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधणाऱ्या स्पर्धा भरल्या. १९४८ च्या अंतिम फेरीत कॉर्निशचा संकर पहिला आला. भरदार छातीचा, लवकर वाढणारा. आजच्या ब्रॉयलरची छाती तिथून आली.

छाती आली. असीलच्या पायांची ताकद मात्र त्या प्रमाणात आली नाही. मला इथे वाईट वाटतं, आणि ते लपवायचं कारण नाही. ज्या कोंबड्याचा गौरवच उभं राहण्यात होता, त्याचा हा वंशज उठू शकत नाही.

श्वास घ्या. सोडा.

भारतात, आणि आपल्या महाराष्ट्रात, हा पक्षी गावोगाव पोहोचला तो गेल्या पन्नास वर्षांत. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, नंतर करारावरचं कोंबडीपालन आलं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, पाणी, वीज आणि अंगमेहनत शेतकऱ्याची. किलोमागे ठरलेले पैसे. कापसाच्या भावावर भरवसा न उरलेल्या कितीतरी घरांना या शेडांनी आधार दिला. या शेडच्या मालकिणीलाही. तिच्याकडे बोट दाखवण्यासाठी आपण इथे आलेलो नाही.

मनात तीन पक्षी शेजारी शेजारी ठेवा.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ चा, १९७८ चा आणि २००५ चा असे तीन काळांतले मांसल वंश एकाच छताखाली, एकच खाद्य देऊन वाढवले. निकाल २०१४ साली छापून आला. छप्पन्नाव्या दिवशी पहिल्याचं सरासरी वजन ९०५ ग्रॅम. दुसऱ्याचं १,८०८ ग्रॅम. तिसऱ्याचं ४,२०२ ग्रॅम.

खाद्य तेच. पाणी तेच. दिवस तेवढेच.

फरक फक्त कुणाला कुणाशी जोडलं याचा.

या तिघांकडे बघत राहा. पहिला उंच वाटतो, सडपातळ. तिसरा रुंद, जड, पाय एकमेकांपासून दूर टाकून उभा.

वजन वाढवणं सोपं का गेलं असेल? कारण वजन वारशाने ठळक उतरतं. जड कोंबडा निवडा, पुढची पिढी जड होते. काट्यावर टाका, आकडा दिसतो. पायांचे बहुतेक दोष तसे नाहीत. दोन पक्ष्यांच्या पायांत जो फरक दिसतो, त्यातला थोडाच वारशाचा असतो, टीडीमध्ये काहीसा जास्त. उरलेला खाद्याचा, तुसाचा, उजेडाचा, जंतूंचा. वारशातलाही तो थोडा भाग एका जनुकाचा नसतो. अनेक जनुकांत कणाकणानं विखुरलेला असतो. आणि त्यातले काही कण वजन वाढवणाऱ्या जनुकांबरोबरच चालतात.

एका जनुकाचा खेळ पाहायचा तर तोही कोंबडीत आहे. बुटक्या पायांच्या काही जातींत वाढीच्या चकतीला इशारा देणारं इंडियन हेजहॉग नावाचं जनुक गळालेलं असतं. एकाच बाजूने गळालं तर पक्षी जमिनीलगत चालतो. आई-बाप दोघांकडूनही तेच आलं, तर पिल्लू अंड्यातच मरतं. तिथे सगळं स्वच्छ दिसतं.

इथे, या तुसावर, तसं काही स्वच्छ दिसत नाही. एकोणचाळीस जोड्या गुणसूत्रांच्या. प्रत्येक पेशीत. त्यांत कुठे थोडं हे, कुठे थोडं ते. आणि वर दोन किलो वजन.

हे न समजण्यासारखं वाटत असेल तर वाटू द्या. समजून घेण्याची घाई नाही. पक्ष्याकडे परत या.

तो अजून बसला आहे.

हा कुणाचा बाप होणार नाही. सहा आठवड्यांच्या आत त्याचं आयुष्य संपतं, कोंबडा वयात यायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. त्याचा लंगडेपणा त्याच्याबरोबर संपेल, आणि तरीही संपणार नाही. कारण त्याचा वारसा त्याच्या हातात नव्हताच. तो वर आहे. खूप वर, मूळ वंशांच्या बंदिस्त फार्मवर. तिथे मोजके कोंबडे आणि कोंबड्या निवडल्या जातात. त्यांची पिल्लं म्हणजे याच्या पणज्या. मग आज्या. मग आई, जिला पोटभर खायला दिलं तर तिचंही शरीर तिला पेलवणार नाही, म्हणून मोजून खायला दिलं जातं. मग हा.

वर केलेली एक निवड इथे शेडमध्ये उतरायला चार-पाच वर्षं लागतात.

चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी एका कोंबड्याकडे पाहिलं. वजन लिहिलं. तो चालला का, कसा चालला, हेही पाहिलं असेल. किती वेळ पाहिलं असेल?

या प्रश्नाबरोबर थोडं थांबा. उत्तर शोधू नका.

हे मात्र सांगायला हवं, की पाहणारे वाढले आहेत. वरच्या टोकाला काही दशकांपासून हातात धरायच्या छोट्या एक्स-रे यंत्राने नडगीचं टोक तपासतात आणि पांढरी खुंटी दिसली की तो पक्षी वंशातून वगळतात. निवडलेल्यांची भावंडं साध्या शेडांत वाढवून त्यांचे पाय पाहतात, कारण अतिस्वच्छ जागी दोष झाकून राहतो. पंचवीस वर्षांच्या अशा नोंदींवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वंशांत पायांचे दोष हळूहळू उतरले होते, वजन वाढत असतानाही. मला हे वाचून हायसं वाटतं. फार नाही, थोडं.

कारण खालचा आकडाही माझ्यासमोर आहे. ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९२ मध्ये कोंबडीची चाल मोजायची एक साधी पट्टी तयार केली. शून्य म्हणजे निर्वेध चाल. तीन म्हणजे उघड लंगडणं. पाच म्हणजे चालताच न येणं. पुढे ब्रिटनमध्ये ५१,००० पक्षी या पट्टीवर पाहिले गेले, सरासरी चाळीस दिवसांचे. २००८ मध्ये छापलेल्या त्या निकालात २७.६ टक्के पक्षी तीन किंवा त्याहून वाईट होते. ३.३ टक्के जवळजवळ चालूच शकत नव्हते. फार लंगडणारे आधी वेगळे काढायची पद्धत असूनही.

आकडा मनात ठेवू नका. चाल मनात ठेवा.

शेडमधल्या एखाद्या चालणाऱ्या पक्ष्याकडे पाहा. एक पाऊल. छाती डावीकडे झुलते. दुसरं पाऊल. उजवीकडे झुलते. तिसरं. थांबतो. बसतो.

पाहा, बसायच्या आधी तो किती वेळ थांबला.

दुखतं का त्याला?

हा प्रश्न विचारून पाहिला गेला आहे, आणि कोंबड्यांनी उत्तर दिलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलं होतं, दुसऱ्यात नाही. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य चांगल्या पक्ष्यांपेक्षा जास्त निवडलं. लंगडणं जितकं जास्त, तितकं ते औषध जास्त खात गेले.

पुन्हा वाचा, सावकाश. लंगडणं जितकं जास्त, तितकं औषध जास्त.

त्यांना औषधाचं नाव माहीत नव्हतं. कोणता रंग खाल्ला की बरं वाटतं, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं.

इथे शब्द थांबवू या. तीन श्वास. तुमच्या गतीने.

एक.

दोन.

तीन.

यवतमाळच्या माणसांना दुखऱ्या हाडांची ओळख करून द्यावी लागत नाही. जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, आखडलेले गुडघे, न वळणारी मान. ओसरीवरून उठताना खांबाला धरून क्षणभर थांबणारा म्हातारा तुम्ही पाहिला असेल. त्याला कुणी घाई करत नाही.

तेवढाच वेळ या पक्ष्यालाही देऊन बघा.

या शेडच्या मागे, घराच्या अंगणात, मालकिणीच्या चार-दोन गावरान कोंबड्या फिरतायत. जाळीतून दिसतात. एकीने तुराट्यांच्या रचीवर उडी मारली. दुसरी धुऱ्यापर्यंत पळत गेली, कसला तरी किडा मिळाला. या वजनाने कमी भरतात, भरायला महिने घेतात, आणि त्यांच्या पायांकडे आपलं लक्ष जात नाही.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा कोंबडी तयार केली, तेव्हा तिच्या नर वंशात एक वेगळी गोष्ट निवडली गेली. सहाव्या आठवड्याला पिंढरी किती लांब आहे, ती. पट्टी लावून पिढ्यान्‌पिढ्या पिंढरी मोजली. लांब पायांवर कोंबडी मांजरा-कुत्र्यापासून पळू शकते, उकिरडा उकरू शकते, म्हणून. वनराजा ब्रॉयलरची जागा घेणार नाही. तिला दुप्पट दिवस लागतात, बाजाराचं गणित वेगळं आहे. पण निवडणाऱ्याचा हात कुठे ठेवला जातो, काट्यावर की पिंढरीवर, हे तिच्यात दिसतं. निवड हीसुद्धा एक प्रकारची नजर आहे. जे पाहिलं जातं, ते पुढच्या पिढीत उतरतं.

आता मालकिणीकडे पाहा. ती उकिडवी बसली आहे. तिने पक्ष्याच्या छातीखाली तळहात घातला, दुसऱ्या हाताने पाठ धरली. पायांना धरलं नाही. उचलला.

तिच्या हाताला त्याच्या काळजाचे ठोके लागत असतील. फार जलद असतात ते.

तुमच्या तळहातावर ते वजन घेऊन पाहा. दोन किलो. उबदार. पोटाकडची पिसं ओलसर. पाय खाली लोंबतायत, एक सरळ, एक थोडा बाहेर वळलेला.

काही करू नका. धरून ठेवा फक्त.

आणि आता ड्रिंकरकडे पाहा. पाणी सांडू नये, तूस ओलं होऊ नये म्हणून ते उभ्या पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगलेलं आहे. चांगल्या पक्ष्यासाठी ते बरोबर आहे. बसलेल्या पक्ष्याची चोच तिथे पोहोचत नाही. ड्रिंकर चार बोटं वर राहतं. दिवसभर पाणी दोन हातांवर दिसतं आणि मिळत नाही. लंगडणारा पक्षी कित्येकदा पायामुळे मरत नाही, तहानेनं मरतो.

मालकिणीला हे माहीत आहे. शेडच्या कोपऱ्यात तिने जाळीचा एक तुकडा आडवा लावून जागा केली आहे. कोरडं तूस, उथळ परातीत पाणी, मूठभर खाद्य चोचीजवळ. तिथे ती त्याला ठेवते. चोच पाण्यात बुडवते, एकदा.

तो गिळतो. मान वर करतो. पुन्हा गिळतो.

गळ्यावरून पाणी खाली उतरताना दिसतं. तेवढं पाहा.

संध्याकाळच्या फेरीला तो आपण होऊन उठला, तर बरं. नाही उठला, पाण्याकडेही वळला नाही, तर त्याला गाडी यायच्या दिवसापर्यंत तसाच ठेवायचा नाही. लिफ्टिंगच्या, म्हणजे गाडी भरायच्या, रात्री पक्षी पायांनाच धरून उलटे उचलतात, एका हातात चार-पाच. तो पाय त्या हातात जायला नको. ज्याला मानेचं काम नीट येतं त्याच्याकडून त्याच दिवशी, झटक्यात. हे लिहिताना मन जड होतं, पण वेदना लांबवणं त्याहून जड आहे.

बाकीच्यांसाठी तिला थोडं करता येतं. तूस हलवून कोरडं ठेवता येतं. रात्री दिवे जास्त वेळ बंद ठेवता येतात. ब्रिटनच्या त्याच मोठ्या पाहणीत अंधाराचे तास जिथे जास्त, तिथे पाय बरे होते. अंधारात पक्षी खात नाहीत, वाढ थोडी मंदावते, आणि हाडाला वेळ मिळतो.

हाडाला वेळ. हे दोन शब्द श्वासाबरोबर घ्या. आत येताना हाड, बाहेर जाताना वेळ.

मालकीण दाराशी गेली आहे. खिळ्याला दोरीने वही टांगली आहे, तिच्या कडा तुसाच्या धुळीने पिवळ्या झाल्यात. रोजचं खाद्य, पाणी, तापमान, वजन, मर, वेगळे काढलेले. मर या रकान्यात नुसता आकडा लिहायची पद्धत आहे. आज दोन. काल एक.

त्या आकड्याने वर काही पोहोचत नाही. उष्म्याने गेले, फुप्फुसाने गेले, की पायाने, कुणाला कळणार? शेडमधून कंपनीच्या सुपरवायझरकडे, तिथून हॅचरीकडे, तिथून जिथे पणज्या निवडल्या जातात तिथे, एकेक आकडा नुसताच चढतो. त्याच्यामागचा पाय शेडमध्येच राहतो.

तुमचं शेड असेल, किंवा तुम्ही एखाद्या शेडवर जात असाल, तर वही उघडा. आजच्या तारखेसमोर, मर आणि वेगळे काढलेले या दोन्ही रकान्यांत, आकड्यापुढे 'पाय' असं लिहा. कोणता पाय, कितवा दिवस, पिल्लं कोणत्या हॅचरीची, कोणत्या तारखेला उतरली. सुपरवायझर आला की त्याला ते पान दाखवा आणि त्याची सही घ्या.